गचका नेमका केव्हा बसतो?
जुन्या पिकअप गाडीची घरच्या घरी तपासणी



आज पिकाविषयी किंवा खताविषयी न बोलता, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीविषयी बोलायचे आहे. पूर्वी दारात बैलगाडी असे. आता गावोगावी पिकअप दिसते, आणि ती बहुधा कुणीतरी वापरून विकलेली, दहा-पंधरा वर्षांची असते. अशी गाडी एक दिवस गचके देऊ लागते. गाडी हलताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो. मग आपण दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणतो, नाहीतर सरळ गॅरेजला लावून ‘काय ते बघा’ म्हणतो. दोन्हींत आपलेच नुकसान आहे. कसे, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळी टोमॅटोचे तोडे चालू होते. ओतूरकडून माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजाराला माझी गाडी जायची. गाडीला गचके सुरू झाले. मी मिस्त्रीला एवढेच म्हणालो, “गाडी गचके देते.” तो म्हणाला, “काका, क्लच गेलाय.” क्लच प्लेट बदलली, पैसे मोजले. आवाज होता तसाच राहिला. तोड्याची घाई, म्हणून मी तसेच दामटले. चौथ्या खेपेला 60 क्रेट भरून, म्हणजे 20 किलोच्या हिशेबाने 1200 किलो माल घेऊन निघालो. घाटाचे तोंड जवळ आले आणि खालून धाड्‌धाड् असा आवाज झाला. मागच्या जॉइंटचा क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर लोंबत होता. दुसरी गाडी बोलावून माल चढवेपर्यंत पहाटेचा बाजार हुकला. दुसऱ्या दिवशी मऊ पडलेल्या मालाला काय भाव मिळतो, ते तुम्हांला सांगायला नको.

पण बंधूंनो, पैसे गेले त्याचे दुःख कमी. शाफ्ट घाटाच्या उतारावर तुटला असता तर? शाफ्ट तुटला की गिअरचा चाकांशी संबंध संपतो. उताराला दुसऱ्या गिअरात गाडी धरून ठेवतो, ती धरण नाहीशी होते. सगळा भार पायाच्या ब्रेकवर. त्यात लोंबता शाफ्ट ब्रेकच्या पाइपला लागला तर तोही आधार जायचा.

यात मिस्त्रीला बोल लावणार नाही. मीच त्याला अर्धी गोष्ट सांगितली होती. डॉक्टरकडे जाऊन नुसते ‘दुखतंय’ म्हणावे आणि कुठे, केव्हा ते सांगू नये, तसे झाले. म्हणून आजचे सांगणे एकच आहे: गचका केव्हा बसतो, ते आधी नीट पाहा. भाग बदलण्याचा विचार त्यानंतर करा.

गाडीची ओढ चाकापर्यंत कशी जाते?

बोलेरो पिकअप घ्या, टाटाची 207 घ्या, नाहीतर छोटा हत्ती घ्या. रचना साधारण एकच. इंजिन पुढे, ओढणारी चाके मागे. इंजिनाची ओढ प्रथम क्लचमध्ये येते, तेथून गिअरबॉक्समध्ये. गिअरबॉक्समधून गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा मागे जातो, तो शाफ्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात, कारण मागचा धुरा पाट्यांवर वरखाली होतो आणि दांड्याला वाकत-वाकत फिरावे लागते. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मध्ये एक जॉइंट आणि रबरात बसवलेले सेंटर बेअरिंगही असते. मागे धुऱ्याच्या मधल्या फुगीर भागाला आपण हौसिंग म्हणतो. त्यात क्राऊन-पिनियनचे दाते असतात. तेथून ओढ डाव्या-उजव्या चाकाला जाते.

आता बैलगाडी आठवा. जू आणि दांडी यांचा बांध सैल असला, तर बैलाने पाऊल उचलले तरी गाडी लगेच हलत नाही. आधी सैलपणा संपतो, मग गाडीला हिसका बसतो. पिकअपमध्येही तेच होते. दात्या-दात्यांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. पण क्रॉस झिजला, रबर फाटले, बोल्ट ढिला झाला, की सगळीकडचा सैलपणा एकत्र होतो. क्लच सोडला की तो सगळा एकदम संपतो आणि ‘खट्’ वाजते. तेव्हा आपल्याला सैलपणा कुठे आहे, तो शोधायचा आहे.

गचक्याची वेळ ओळखा

पहिला प्रकार. क्लच सोडताना गाडी थरथरते, एकदा पकडली की गुमान चालते. हे क्लचचे लक्षण. प्लेटला तेल लागले असेल, प्लेट जळून चकाकली असेल, नाहीतर इंजिन-गिअरबॉक्सची फाउंडेशन रबरे बसली असतील.

दुसरा प्रकार. निघताना एकच ‘खट्’, आणि पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकला की पुन्हा एकच ‘खट्’. हा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या मागचा असतो. क्रॉस, शाफ्टची सरकती दातेरी बाही, हौसिंगमधले दाते, नाहीतर धुरा पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट. माझ्या गाडीचे हेच लक्षण होते, आणि मी क्लच बदलून बसलो.

तिसरा प्रकार. गाडी थांबली आणि क्षणभराने मागून धक्का दिल्यासारखा ‘ठप्’ आवाज आला. सरकती बाही कोरडी पडून अडकत असते, आणि मग एकदम सुटते. येथे बहुतेक वेळा ग्रीसनेच काम भागते.

चौथा प्रकार. चालत्या गाडीत पायाखालचा एक्सलेटर सोडला की खट्, दाबला की खट्. हौसिंगमधली मोकळीक वाढली आहे, नाहीतर फाउंडेशन रबर फाटले आहे.

पाचवा प्रकार. फक्त वळणावर कटकट, सरळ रस्त्यावर नाही. हौसिंगमधले लहान गिअर तपासावे लागतात. ते काम घरचे नाही.

सहावा प्रकार. फक्त ब्रेक दाबल्यावर आवाज. तेव्हा क्लचकडे पाहू नका. पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट पाहा.

सातवा प्रकार. ठराविक वेगाला पायाखाली गुरगुर, वेग वाढवला की थरथर वाढते. शाफ्ट वाकला आहे, त्याचा तोल गेला आहे, नाहीतर सेंटर बेअरिंगचे रबर गेले आहे.

आणि आठवा प्रकार, जो फार जण चुकीचा समजतात. चढाला, भरल्या गाडीत, एक्सलेटर दाबूनही गाडी आचके देते, इंजिनाचा आवाज दबतो, पण खाली लोखंडाचा खटका नाही. हा गचका डिझेल अपुरे पोचल्याचा असतो. फिल्टर चोंदला असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, नळीतून हवा ओढली जात असेल. फिल्टर बदला, त्याच्या तळाचे पाणी काढा. हे स्वस्तातले काम आहे, म्हणून आधी करा. मात्र कॉमन रेल इंजिनाचे पोलादी पाइप घरी सोडू नका. त्यातल्या दाबाचे डिझेल कातडीत घुसून मोठी इजा होते.

आता तुम्ही म्हणाल, दोन प्रकार एकत्र झाले तर? त्याला एक सोपी चाचणी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात, क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. उतारावर किंवा घाटात हे कधीही करू नका. न्यूट्रलमध्येही टक्‌टक् चाकाच्या वेगाबरोबर चालू राहिली, तर दोष शाफ्टपासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. टक्‌टक् थांबली, तर ओढ असतानाच दोष बोलतो आहे, असे समजा आणि पुढची तपासणी करा.

घरच्या घरी तपासणी

ही तपासणी रिकाम्या गाडीची, सपाट जमिनीवर, दिवसाउजेडी करा. इंजिन बंद, आणि किल्ली तुमच्या खिशात. चारही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. गाडी जॅकवर उचलून तिच्या खाली जाऊ नका. पिकअप उंच असते, चाके जमिनीवर ठेवूनच हे सगळे दिसते. गाडी नुकतीच आली असेल तर सायलेन्सर निवू द्या.

पहिले, नुसते डोळ्यांनी पाहा. क्रॉसच्या चार टोपणांभोवती तांबूस, गंजासारखी भुकटी दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडून झिजत आहेत. हौसिंगच्या तोंडाशी तेलाने धूळ चिकटली असेल, तर सील गेले आहे. पाट्यांच्या आणि धुऱ्याच्या मध्ये घासून चकाकलेली जागा दिसली, तर यू-बोल्ट ढिले आहेत.

दुसरे, हाताने पाहा. गिअर न्यूट्रल करा. एका हाताने जॉइंटची एक बाजू, दुसऱ्या हाताने दुसरी बाजू धरा आणि उलटसुलट पिळा, वरखाली हलवा. दोन्ही बाजू एकदम हलल्या तर ठीक. एक बाजू हलली आणि दुसरी जागीच राहिली, तर तो क्रॉस गेला. थोडासा हलतो म्हणून ठेवू नका, क्रॉसमध्ये हाताला जाणवणारी ढिलाई असताच कामा नये.

तिसरे, खडूची खूण. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलच ठेवा. हौसिंगच्या तोंडाजवळ शाफ्टच्या चकतीवर खडूने रेघ मारा आणि तिच्यासमोर हौसिंगवर दुसरी रेघ मारा. शाफ्ट हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. रेघ किती सरकली ते दोऱ्याने मोजून वहीत तारखेनिशी लिहा. थोडी सरकणारच, ती दात्यांची मोकळीक आहे. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल, तर हौसिंग दाखवण्याची वेळ आली. काही जुन्या जीपच्या बांधणीच्या गाड्यांत हँडब्रेक चाकावर नसून शाफ्टवरच असतो. तेथे ही खूण हँडब्रेक सोडून, फक्त दगडांच्या भरवशावर घ्यावी लागते, म्हणून दगड नीट लावा.

चौथे, दोरीचे माप. मागच्या चाकाच्या मध्यापासून चासीवरच्या एका ठरलेल्या बोल्टापर्यंत दोरी धरा, गाठ मारा. तीच दोरी दुसऱ्या बाजूला त्याच बोल्टाला लावा. माप वेगळे आले, तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून धुरा सरकला असण्याचा संभव आहे. अशी गाडी भरून नेऊ नका.

पाचवे, फाउंडेशन रबर. हे एकट्याचे काम नाही. जाणत्या ड्रायव्हरला आत बसवा. इंजिन चालू, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही घट्ट. चाकांचे दगड तसेच असू द्या. त्याने पहिल्या गिअरात क्लच किंचित पकडवून लगेच दाबावा, मग रिव्हर्समध्ये तसेच. तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभे राहून पाहा. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही, विशेषतः लेकरे, उभी नकोत. इंजिन जरासे कलले तर चालते. उडी मारून आपटले, तर रबर गेले.

ग्रीस आणि तेल

आखाला वंगण नसले तर बैलगाडी कुरकुरते, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होते. पिकअप मात्र कुरकुरत नाही, सरळ तुटते.

क्रॉसला ग्रीसचे निपल असेल, तर आधी ते फडक्याने पुसा, नाहीतर मातीही आत जाते. मग चारही टोपणांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. तिन्हींतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर ते चौथे टोपण कोरडे आहे. तुटायचे तेथूनच. सरकत्या बाहीचे निपल विसरू नका. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली, उसाच्या फडात चिखलात रुतली, किंवा जोराच्या पाण्याने धुतली, तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता ग्रीस करा. काही क्रॉसना निपलच नसते. तेथे ढिलाई दिसली की बदलणे, एवढाच उपाय.

हौसिंगची पातळी बाजूच्या नटाच्या भोकातून पाहतात. बहुतेक गाड्यांत तेल भोकाच्या काठाशी असावे लागते. गिअरबॉक्स आणि हौसिंग यांचे तेल एकच असेल, असे धरून चालू नका, गाडीच्या पुस्तकात पाहा. तेल बदलताना तळाच्या नटावर राखाडी बारीक कीस आला, तर ती नेहमीची झीज. लोखंडाचे तुकडे आले, तर गाडी पुढे चालवू नका.

मिस्त्रीकडे गेल्यावर

मिस्त्रीला वही दाखवा. गचका केव्हा, कोणत्या गिअरात, भरलेली की रिकामी, चढाला की वळणाला, ते सांगा. त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. भाग बदलण्यापूर्वी ‘ढिलाई कुठे आहे, ती हाताने दाखवा’ म्हणा, आणि जुना भाग परत मागून घ्या. चांगला मिस्त्री यात राग मानत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. क्रॉस हा क्लचच्या मानाने कितीतरी स्वस्त आणि बदलायला सोपा. म्हणून क्रमाने चला: आधी बोल्ट आवळणे, मग ग्रीस, रबर, क्रॉस, आणि शेवटी क्लच व हौसिंग.

शाफ्ट सोडायचा असेल तर तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, सोडण्यापूर्वी दोन्ही तोंडांवर रंगाची खूण करा, म्हणजे तो होता तसाच बसेल. बाही एखादा दाता चुकून बसली, तर नव्या क्रॉसनिशी गाडी थरथरते. दोन, शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी शाफ्ट दोरीने बांधा, तो अंगावर पडू शकतो. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची: शाफ्ट निघाला की गाडी गिअरात ठेवून उपयोग नाही, ती गिअरने थांबत नाही. चाकांना दगड असल्याशिवाय शाफ्टला हात लावू नये.

सवयीही तपासा

पुष्कळदा गाडीला आपणच मारतो. भरली गाडी दुसऱ्या गिअरात उचलणे, क्लचवर पाय ठेवून चालवणे, चढाला अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, यांनी प्लेट जळते. चिखलात रुतल्यावर क्लच झटकन सोडून पुढे-मागे हिसके देऊ नका. फिरणाऱ्या चाकाला एकदम पकड मिळाली, की सगळा मार क्रॉसवर आणि धुऱ्यावर येतो. थोडा माल उतरवा, चाकाखाली पाचट, दगड घाला, मग हळू काढा.

आणखी एक. जास्त माल बसावा म्हणून आपण जादा पाटा टाकून घेतो. त्याने गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि शाफ्ट आपल्या ठरलेल्या वाकापेक्षा अधिक वाकून फिरतो. क्रॉस लवकर जातात, ते अशाने. पाटा वाढवल्याने गाडीची ताकद वाढत नाही. पाट्यांचे काम झाल्यावर थोड्या फेऱ्यांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नव्याने बसवलेले पाटे दबतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. गचका केव्हा बसतो, ते वहीत लिहा.
2. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकांना दगड, मगच खाली वाका.
3. तांबूस भुकटी दिसली किंवा हाताला ढिलाई लागली, तर क्रॉस बदला.
4. चिखल-पाण्यातून आलेल्या गाडीला लगेच ग्रीस करा.
5. नवी थरथर किंवा वेगाबरोबर वाढणारे ठोके सुरू झाले, तर गाडी बाजूला घ्या. घाट उतरू नका.

हे सगळे पाहायला एखादी सकाळ जाते. माझी ती सकाळ मी वाचवली आणि 60 क्रेट टोमॅटो घालवले. आता तोड्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मी आणि माझा मुलगा गाडीखाली वाकतो, खडूची रेघ मारतो, वहीत आकडा लिहितो. तुम्हीही पुढच्या भरणीआधी एकदा वाकून पाहा. माल बाजारात वेळेवर पोचावा, आणि गाडी नेणारा पोरगा सुखरूप घरी यावा, यासाठीच हे सांगणे.